सदतीस नंबरची मुलगी

"माझं ऑडिशन कोणीतरी बदललंय," मुलगी म्हणाली आणि तिने दोन्ही हात टेबलावर उताणे टाकले. तळवे फिकट गुलाबी, त्यांवर गडद रेघा.

भावजींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तीस वर्षं त्यांनी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले होते. एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, अशी त्यांची बढाई होती. खासगी तपास करणाऱ्या त्यांच्या वहिनी ती रोज निमूटपणे ऐकून घेत. मुलगी डोंगरापलीकडच्या लोकांतली होती. भावजींच्या नजरेत भरला तो तिचा काळाभोर रंग.

"टीव्हीवरच्या त्या जुन्या मालिकेतली सुईण आमच्यातली होती," ती म्हणाली. "पण काम केलं तुमच्यातल्या नटीने, ताईंनी, काळा रंग फासून. शाळेत मला सगळे सुईण म्हणूनच हाका मारायचे, तिच्यासारखं वाकडं बोलून दाखवायचे. आता त्यावर सिनेमा निघतोय. दिग्दर्शक मला दोनदा भेटले, म्हणाले, या वेळी खरी सुईण घेणार. मी एकदाही न अडखळता ऑडिशन दिलं. आता म्हणतात, तू चारदा अडखळलीस! काम गेलं ताईंच्या लेकीकडे. पुन्हा रंगच फासणार!"

"तुला काय हवंय?" वहिनींनी विचारलं.

"ते काम. ते माझं आहे."

तासाभराने वहिनी आणि भावजी दिग्दर्शकाच्या खोलीत होते. त्याने ऑडिशन पडद्यावर लावलं. सदतीस नंबरची पाटी घेऊन एक काळी मुलगी उभी होती. चारदा अडखळली. शेवटी 'बाळाला वाचवा' म्हणत तिने दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढे पसरले. नखापासून मनगटापर्यंत हात एकाच रंगाचे.

"तीच आहे," भावजी कुजबुजले. "पोरगी थापा मारतेय, वहिनी."

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या. मग त्या भिंतीवरच्या, त्या जुन्या मालिकेच्या पोस्टरकडे बघत राहिल्या. त्यावर ताई तश्शाच हात पसरून उभ्या होत्या.

कास्टिंगवाला घाईत होता. "एका दिवसात चाळीस मुली, बाई! पेन ड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर नंबर, पाकीट ड्रॉवरमध्ये. परत बघायला वेळ कोणाला? कुलूप नाही. हां, दुसऱ्या दिवशी ताईंनी लेकीच्या सरावासाठी तासभर खोली मागितली होती. कॅमेऱ्यासकट."

मेकअपदादा भडकलाच. "रंगाचा डबा माझा, म्हणून चोर मीच का? मी माणूस बघून काम करतो. हात रंगवतानाही तळवे मोकळे सोडतो. विचारा कोणालाही."

ताई मात्र गोड होत्या. "वाईट वाटतं हो त्या पोरीचं. पण कलेत कूळ आणि रंग कशाला आणायचा? सुईण घराघरांत पोचवली ती मी. हल्लीचे मेकअपवाले आळशी. मी माझा रंग स्वतःच्या हाताने लावायचे. नखाएवढी जागा सोडायचे नाही."

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना दिग्दर्शकाच्या खोलीत बोलावलं. ताईंची लेक आईच्या आड उभी राहिली. पडद्यावर पसरलेले हात थांबवून ठेवले होते.

"मुली, तुझे हात दाखव," वहिनी म्हणाल्या. "भावजी, सांगा, हे हात एकाच माणसाचे आहेत?"

भावजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "नाहीत."

"काळ्या माणसाचे तळवे फिकट असतात. मेकअपदादाला ते ठाऊक आहे, तो ही चूक करणार नाही. तळव्यांसकट हात एकच बाई रंगवते. भिंतीवरच्या पोस्टरवर ताईंचे तळवे बघा. खोली, कॅमेरा, उघडा ड्रॉवर, सगळं तिच्या हाताशी होतं. खरं ऑडिशन नुसतं पुसलं असतं, तर पुन्हा घ्यावं लागलं असतं. म्हणून ताईंनी लेकीला रंगवून वाईट ऑडिशन तयार केलं आणि पाकिटात घातलं."

लेक रडायला लागली. ताईंचा गोडवा क्षणात उतरला. "माझी भूमिका होती ती! त्या रंगाने अंगाची सालं निघाली माझ्या!"

"सालं तुमची निघाली, आणि शाळेत टिंगल हिची झाली," वहिनी कडाडल्या. मग दिग्दर्शकाकडे वळल्या. "पण मला तुमचाच जास्त राग येतोय. हिला दोनदा भेटलात. ताईंच्या लेकीला तर लहानपणापासून बघताय. दोघींपैकी एकीलाही ओळखलं नाहीत! काळा रंग दिसला की तुमचं बघणं संपलं. ताईंनी सगळा डाव त्याच भरवशावर मांडला."

भावजींनी मान खाली घातली.

"काम तुझंच," दिग्दर्शक पुटपुटला. "उद्या सही कर."

"सही नंतर," मुलगी म्हणाली. "आधी ऑडिशन. आत्ता, इथेच. आणि पडदा बंद करा. माझ्याकडे बघा."

तिने ते केलं. आवाज रागाने थरथरत होता, पण ती एकदाही अडखळली नाही. भावजी पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहत होते. डाव्या भुवईत जुना व्रण होता, पुढच्या दातांत फट होती. पडद्यावरच्या मुलीला यातलं काहीच नव्हतं. सकाळी हाच चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

जिन्यात त्यांनी तिला गाठलं. "पोरी, ते ऑडिशन बघून मी 'तीच आहे' म्हणालो होतो."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "सगळेच म्हणतात."

आणि ती पायऱ्या उतरून गेली.