सातव्या खांबावरचा बगळा

मुंगीने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते गुडघ्यापर्यंतच. सोमवारची सकाळ. ती टेबलाखाली शिरून निसटलेली वायर खोचत होती, आणि समोर येऊन थबकले दोन गमबूट... चिखलाने माखलेले, स्वच्छ फरशीला बिचकलेले. तिची एक चप्पल वाटेत उलटी पडली होती. वरून एक हात खाली आला, त्याने चप्पल सुलटी केली आणि दुसरीशेजारी नीट ठेवली.

"इथे डेटाबेसचं इंजिन कोण पाडतं?"

"मी सांभाळते," ती टेबलाखालूनच म्हणाली. "पाडणारे तुम्ही असाल."

बाहेर येताना तिचं डोकं टेबलाला आपटलं. तो हसू दाबत होता – आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं.

तो नदीच्या कार्यालयातला. नदीत ठिकठिकाणी खांब रोवलेले, प्रत्येक खांबावर एक यंत्र, आणि यंत्राने दर पाच मिनिटांनी पाण्याची उंची कळवायची. त्या आकड्यांचा हिशोब लावणारं एक छोटं फंक्शन त्याने स्वतः लिहिलं होतं आणि मुंगीच्या कंपनीच्या इंजिनात चालवायला दिलं होतं. मुंगी हे तिचं ऑफिसातलं नाव. एखाद्या चुकीचा माग लागला की ती रांग सोडायची नाही, म्हणून पडलेलं.

हे इंजिन म्हणजे शेकडो लोकांचे प्रश्न एकाच वेळी घेऊन माहितीच्या ढिगातून उत्तरं काढून देणारा प्रोग्रॅम. स्वतःच्या चुका कशा निस्तरायच्या हे त्याला ठाऊक होतं. पण बाहेरच्या कुणी लिहिलेलं फंक्शन मध्येच अडलं आणि "मला जमत नाही!" असं ओरडलं, तर ती हाक झेलायला तिथे कुणीच नव्हतं. हाक थेट वर जायची आणि अख्खं इंजिन बंद पडायचं. एकाच्या फंक्शनपायी शंभर जणांची कामं आडवी! आणि इंजिन जाताना कारणही सांगायचं नाही. नोंदीतली शेवटची ओळ अर्धीच सुटलेली.

"रोज दहाला पडतं," नदीवाला म्हणाला. "माझ्याच प्रश्नावर. सगळे मला नावं ठेवतात. सातव्या खांबावरचा बगळा तेवढा प्रेमाने बघतो."

"त्याचं डेटाबेसवाचून अडत नसेल."

साहेबांनी मात्र हे थट्टेवारी नेलं नाही. "शुक्रवारपर्यंत बघ," ते मुंगीला म्हणाले. "नाही जमलं, तर बाहेरची फंक्शनं बंद. सगळ्यांचीच."

म्हणजे नदीवाला दुसरी कंपनी गाठणार. म्हणजे तो इथे यायचा नाही. त्यात आपल्याला एवढं लागण्यासारखं काय आहे, हे मुंगीला कळेना. ओळख तर आज सकाळची!

मंगळवारी तिने त्या फंक्शनभोवती एक कुंपण घातलं. आतून कसलीही हाक येवो, कुंपणाने ती झेलायची, उत्तराच्या जागी शून्य भरायचं आणि पुढे चालायचं. दहा वाजले, सव्वादहा झाले... इंजिन हूं की चूं न करता चालत राहिलं. नदीवाला धावतच आला. तो निघाला आणि ती त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेली, तेव्हा कठड्यावर बोटं फिरवत तो म्हणाला, "आता पडणार नाही म्हणजे... मला यायला निमित्त उरलं नाही. इंजिन पडलं नाही तरी आलो – तर चालेल?"

तिच्या मनात एकदम इतकं काही उसळलं, की तोंडून एवढंच आलं – "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे... बरं." आणि ती जवळजवळ पळतच आत गेली.

बुधवारी तो आला तो हातात कागद घेऊन. हसला नाही.

"तुमचं इंजिन म्हणतंय, पावणेदहाला नदी कोरडी होती. पावणेदहाला मी तिच्यात गुडघाभर पाण्यात उभा होतो."

"मी... शून्य भरलं. पडू नये म्हणून."

"पडलं असतं तर काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळलं असतं. हे शून्य खरं मानून कुणी पाण्यात उतरलं म्हणजे?" तो दारापाशी थांबला. "उत्तर नसेल तर तसं सांगावं, मॅडम. शून्य देऊ नये."

हे तो नदीबद्दल बोलला, की... मुंगीला जिन्यातलं आपलं 'बरं' आठवलं.

संध्याकाळी घरी ताईने मुंगीने केलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "यात मीठ आहे. कोण आहे तो?"

मुंगीने सगळं सांगितलं. ताई शाळेत गणित शिकवायची. समोर तपासायच्या वह्यांचा ढीग होता.

"आणि तू काय म्हणालीस?"

"बरं."

ताईने लाल पेन बाजूला ठेवलं. "अगं, माझी पोरंसुद्धा हेच करतात. गणित अडलं की शून्य लिहून मोकळी! मी त्यांना म्हणते, जिथे अडलात तिथपर्यंतचं लिहा. कुठे अडलं ते दिसलं, तर मी काही करीन ना? तुझ्या त्या 'बरं'वरून त्या बिचाऱ्याने काय समजायचं?"

गुरुवारचा पूर्ण दिवस मुंगीने कुंपण पुन्हा बांधण्यात घालवला. हाक झेलायची, पण गिळायची नाही. ज्याचा प्रश्न अडला तेवढाच थांबवायचा, त्याचं अर्धवट झालेलं काम पुसून टाकायचं, बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही. आणि फंक्शन जे ओरडलं, ते जसंच्या तसं त्याच्या मालकाला कळवायचं.

शुक्रवारी दहाला साहेब आणि नदीवाला तिच्या खुर्चीमागे उभे होते. नदीवाल्याचा प्रश्न सुरू झाला... आणि थांबला. पडद्यावर ओळ उमटली – 'खांब सात. वेळ पावणेदहा. आकडा रिकामा, उंची काढता येत नाही.' शेजारी बाकीच्यांचे प्रश्न खुशाल चालू होते.

"बगळा!" नदीवाला ओरडला. "लेकाचा रोज याच वेळी यंत्राच्या समोर उभा राहतो!"

"राहू देत बाहेरची फंक्शनं," साहेब म्हणाले आणि समाधानाने निघून गेले.

दोघंच उरले.

"रिकामा आकडा आला तर काय करायचं, एवढं मला लिहावं लागेल," नदीवाला गमबुटांकडे बघत म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. मग... झालंच."

'बरं' पुन्हा मुंगीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते मागे ढकललं.

"मंगळवारी मी जिन्यात बरं म्हणाले... ते उत्तर नव्हतं. मी अडले होते. कुठे, ते सांगते. मला हो म्हणायचं होतं. इतक्या जोरात, की साहेबांनीही ऐकलं असतं. पण दोन दिवसांत असं कुणाचं होतं का, हेच मला कळेना. अजूनही कळत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "पण ते शून्य नव्हतं."

नदीवाल्याचे कान लाल झाले. "पुन्हा एकदा सांगाल?"

"नाही. नोंद करून ठेवा." मग ती घाईघाईने म्हणाली, "मला तो बगळा बघायचाय. उद्या, पावणेदहाला. पण – माझ्याकडे गमबूट नाहीत."

"गाडीत एक जोड आहे. पाच नंबरचा. मंगळवारपासून पडून आहे."

"पाच? तुम्हाला कसं –"

"तुमची चप्पल उलटी पडली होती ना," तो म्हणाला. "तळाला लिहिलं होतं."