रविराजच्या हळदीचा उजेड

रविराजची हळद धायरीतल्या बंगल्याच्या गच्चीवर होती, आणि त्याच्या बहिणीचं, म्हणजे संस्कृतीचं, पीएचडीचं संशोधन त्या हळदीत कालवलं गेलं होतं. फ्रिजमधल्या तिच्या बरणीतली पिवळी पूड सर्जेरावमामांनी “रंग जरा फिका हाय” म्हणत खुशाल ओतली. मामांचा मार्केट यार्डात हळदीचा गाळा. हळदीच्या बाबतीत त्यांना अडवणार कोण?

“मामा, माझी सगळी मेहनत होती ती!”

“मग कामी आली की!”

आता गाइडसरांना काय सांगायचं? सॅम्पल भावाच्या गालावर आहे, आंघोळीआधी येऊन मोजा?

पूड विषारी नव्हती, एवढंच नशीब. तिचे रेणू सुटे असले की ती अंधारी, दाटीवाटीनं गोळा झाले की झळाळणारी. तिन्हीसांजेला डीजेवाल्यानं जांभळे दिवे लावले आणि हळद माखलेलं अख्खं गोत हिरवंगार उजळलं. शिट्ट्यांनी गच्ची दणाणली.

चुलतभावाची बायको शेफालीवहिनी पाणी आणायला जिन्याकडे गेली आणि विझली. घोळक्यात परतली, पुन्हा पेटली.

दिवे तर सगळीकडे सारखेच होते. संस्कृती चार पावलं मागे सरली. हात काळा. पुढे आली. हिरवा.

“गोळा रेणूंनी व्हायचं असतं, नातेवाइकांनी नाही,” ती पुटपुटली.

आई, बायडाबाई, मात्र पाण्याच्या टाकीपाशी एकटी उभी होती. वडील गेल्यापासून ती कुठल्याच शुभकार्यात पुढे येत नसे. रविराज पाटावर अडून बसला होता.

“आईनं हळद लावल्याशिवाय मी उठायचा नाही.”

“नगं रं बाबा. आज माझा हात नगं.”

संस्कृती वाटी घेऊन गेली, आईच्या गालाला बोट टेकवलं. “आता लागलीच आहे, चल.”

आई हलेना. संस्कृती हिरमुसून घोळक्यात परतली आणि वळून पाहिलं.

एकटी आई विझायला हवी होती.

तिचा गाल सगळ्या घोळक्याहून जास्त उजळला होता.

मग आई झोक गेल्यासारखी एक पाऊल पुढे आली, आणि मागे मान वळवून लटक्या रागानं म्हणाली, “अवं, ढकलता कशापायी? जाते की!”

‘अवं’ ही हाक तिनं संस्कृतीच्या वडिलांशिवाय कुणाला मारली नव्हती.

टाकीपाशी कुणीच नव्हतं.

आई आली. दोन्ही हातांनी तिनं लेकाला हळद फासली, हसली, रडली. मामांनीच पहिली शिट्टी मारली.

ती वाकली तेव्हा संस्कृतीला तिची पाठ दिसली. दोन खांद्यांच्या मधोमध, लुगड्यावर, एका रुंद पंजाचा ठसा झळकत होता.

हळद अजून ओली होती.