तिसऱ्या हाकेला ओ

सोलापुरात डोंगर बचाव पथक आहे म्हटलं की लोक आधी हसतात. सपाट मुलखात वाचवता कुणाला, झाडावर अडकलेल्या पतंगाला? पूनम स्वतःही हसायची. शाळेत शिकवणाऱ्या या बाईकडं पथकाची दोन कामं होती. आवाज खणखणीत, म्हणून डोंगरात हाका तिनं मारायच्या. आणि लिहायची बरं, म्हणून पथकाच्या फेसबुक पानावर खात्रीची माहितीही तिनंच टाकायची. अफवेच्या आधी आपण पोचलं पाहिजे, असं पथकप्रमुख अभिमन्यू सांगायचा.

त्या पहाटे नातेपुत्याहून फोन आला. शेळीच्या पिलामागं डोंगरात गेलेला हरिबा आदल्या दुपारपासून परतला नव्हता. पथक पोचलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पायथ्याशी त्याची लेक सोनाली ताटकळत उभी होती. आई गेल्यावर बापानंच तिला वाढवलं होतं. तिला दुसरं कुणी नव्हतं.

पथकाची रीत ठरलेली. दोन हाका मारायच्या, मग सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायचा. पूनमनं एकेक घळ पालथी घातली. कुठूनच ओ येईना. एवढ्या उन्हात बिनपाण्याचा माणूस किती तग धरेल, हा विषय कुणी काढत नव्हतं.

शेवटी सोनालीलाच राहवेना. "ताई, तिसरी मारा की. दोन हाकांला बाबा ओ देत न्हाईत. त्या कुणाच्याबी असत्यात, तिसरी तेवढी माणसाची म्हणत्यात."

अभिमन्यू हसला. पूनमनं तिसरी हाक मारली.

"ओऽऽ," पायाखालच्या घळीतूनच आलं.

मग काय विचारता! दोर सुटले, स्ट्रेचर उतरलं आणि हरिबा वर आला. घोटा सुजलेला, बंडीत पिलू, आणि पिलाचं तोंड अखंड चालू. सोनाली रडता रडता बापाला फैलावर घेत होती, अभिमन्यू नाचत होता. पूनमला इतका आनंद झाला की तिनं पिलाचाच मुका घेतला.

पाणी पिऊन हरिबाला तरतरी आली. "काल दिवस बुडल्यापासनं ह्या बाई हाका मारत्यात," तो म्हणाला. "दोन मारायच्या न् गप. म्हटलं, मारतील कवातरी तिसरी."

"आम्ही तर आज आलो, बाबा."

"आवाज तुमचाच की."

तहानेनं भास होतात, असं सगळ्यांचं मत पडलं. पूनमनंही मान डोलावली, पण तिला ते आवडलं नाही.

संध्याकाळी तिनं पानावर टाकलं, हरिबा सुखरूप. खाली लोकांसाठी सूचनाही लिहिली: हरवलेल्या माणसाला तीनदा हाक मारा, जुनी माणसं तिसऱ्या हाकेलाच ओ देतात. ती सूचना पार मंद्रूपपर्यंत फिरली. पूनम खुशीत होती.

आठवड्यानं सोनालीचा फोन आला. स्वर हसरा. बाबा काठी धरून चालतात, पिलाचं नाव पूनम ठेवलंय. पूनम वर्गाच्या दारात खो खो हसली.

"आन् ताई, आमच्याकडं आलाय तर घरी या की. डोंगरातनंच काय हाका मारताय?"

पूनमचं हसू ओसरलं.

"किती मारल्या?"

"तीन."

"बाबांना धरून ठेव, सोनाली. ओ देऊ नका म्हणावं."

पलीकडं पिलू ओरडत होतं.

"दिली की त्यांनी," सोनाली म्हणाली. "तुमालाच आणाय गेलेत."