दुसरी टाळी

बंदरावर उतरणाऱ्या पाहुण्यांना मी गाव दाखवतो आणि वाटेत थापा मारतो. धक्क्यावरचा दगडी दिवा एका राक्षसानं पैजेत हरून बांधून दिला, दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस अंधार पडला की खाली उतरून गरम पाण्याच्या झऱ्यावर जातात, असलं काहीबाही. लोक हसतात, फोटो काढतात. गेन्पेई म्हाताऱ्याचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, हे आमच्या बेटावरच्या मांजरांनाही ठाऊक आहे.

त्या दिवशीचे पाहुणे घरचेच होते. माझी लेक मिसुझु लग्नानंतर पहिल्यांदाच ओसाकाहून नवऱ्याला घेऊन आली होती. जावई तोमोहारु उंच, हसरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. संध्याकाळच्या फेरीबोटीनं दोघं परत जाणार होते.

आधी देऊळ. लिंबांच्या बागेतून वर चढलं की लाल कमान लागते, मग समुद्राकडे तोंड केलेलं लहानसं देऊळ, आणि त्याच्यामागे एक काळा खडक. खडकात उभी कपार. बाकी देशभर देवापुढे दोनदा वाकतात, दोन टाळ्या वाजवतात, पुन्हा वाकतात. डोक्याला कळायच्या आधी हातांना कळतं ते. आमच्याकडे मात्र टाळी एकच. दुसरी कपारीतून येते. ती येईपर्यंत मान खाली ठेवायची, मग घरी जायचं. शाळेतले मास्तर त्याला प्रतिध्वनी म्हणायचे. असेल बुवा.

"जावईबापू, इथे एकच हं," मी पायऱ्यांवरच बजावलं. "दुसरी आपली नसते."

"आणि वाजवली तर? ऑक्टोपस धावून येतात का?"

मिसुझु खिदळली. मीही हसलो.

त्यानं मुद्दाम नाही केलं. डोळे मिटले, वाकला, आणि जन्मभराच्या सवयीनं हात दोनदा वाजले.

कपारीतून काहीच आलं नाही. खाली लाटा तेवढ्या फुटत होत्या. अंगण झाडणाऱ्या कियोनोबाईंचा झाडू थांबला. देवळाची राखण त्यांच्याच घराण्याकडे आहे.

"चुकलंच माझं," तोमोहारु कान पकडल्यासारखा ओशाळला. "परत एक वाजवू?"

"नको. हात खिशात घाला," बाई म्हणाल्या. मग मला बाजूला ओढून पुटपुटल्या, "गेन्पेई, ह्याला पाण्यावर जाऊ देऊ नकोस. ह्यानं ज्याची टाळी घेतली त्याला ती मिळू दे आधी."

"कधी मिळेल?"

"मला काय विचारतोस? माझ्या हयातीत असं कुणी केलंच नाही."

आम्ही दगडी दिव्यापाशी उतरलो. तोमोहारुनं चौथऱ्यावर हात टेकून फोटो काढून घेतला आणि हातांची माती झटकली. फट. वर लिंबांच्या बागेतून टाळी आली. एकच.

"काय मस्त आवाज घुमतो हो तुमच्याकडे!" तो म्हणाला. दिव्याच्या तिन्ही बाजूंना उघडं पाणी आहे. तिथे माझी हाकसुद्धा कधी घुमलेली नाही.

मग ऑक्टोपसचा भात खायला ओशिगेच्या खानावळीत. बूट काढून चटईवर बसलो. जावयानं मानेवरचा डास मारला. ह्या वेळी उत्तर गल्लीच्या तोंडाशी, जाळ्यांच्या छपरातून आलं, आणि त्याला वेळही फारसा लागला नाही.

"या, बसा!" ओशिगे चुलीपासून ओरडली. दारात कुणीच नव्हतं. मी भाताची वाटी खाली ठेवली.

मी मिसुझुला मोरीपाशी गाठलं. "पोरी, आज राहा. त्याला बोटीत बसवू नकोस."

"उद्या त्याचा नव्या जागी पहिला दिवस आहे, बाबा."

"त्या टाळीमुळे सांगतोय. ही गोष्ट नाही गं."

"हे तुम्ही दर गोष्टीत म्हणता."

म्हणतो खरा.

मी जावयाचे बूट मिठाच्या पिंपामागे लपवले. तिनं ते लगेच काढले. "वय काय, करता काय! लहानपणी माझं दप्तरही इथेच लपवायचात."

धक्क्यावर गर्दी होती. तोमोहारुच्या एका हातात बॅगा, दुसऱ्या हातात लिंबांची पिशवी. त्याच्या कानामागे टाळी वाजली.

तो दचकून वळला. मागे मी होतो. "बाबा! घाबरवलंत की."

"मी नाही वाजवली."

"तुम्ही पण ना!" त्यानं खांद्यानं मला ढकललं आणि हसत फळीवरून बोटीत गेला. मी त्याच्या बाहीला धरायला गेलो. फळी उचलली गेली.

आमच्याकडे निरोप देताना बोटीवरची माणसं कागदी फितींची गुंडाळी धरतात आणि मोकळं टोक किनाऱ्यावर फेकतात. बोट निघाली की फीत उलगडत जाते, ताणते, तुटते. मिसुझुची पिवळी फीत मी झेलली. तोमोहारुची पांढरी माझ्या डोक्यावरून मागे गेली.

बोट सुटली. फिती पटापट तुटल्या. माझी पिवळीही तुटली.

पांढरी तुटली नाही.

ती माझ्या खांद्यावरून ताठ गेली होती. मी मागे पाहिलं. गर्दी सगळी पुढे काठाशी, मागे रिकामा धक्का. फितीचं टोक जमिनीवर नव्हतं, माणसाच्या हाताइतक्या उंचीवर होतं.

मी फीत ओढली, दातांनी चावली. कागद होता तो. तुटेना.

"सोड!" मी बोटीकडे बघून जावयाला ओरडलो. "हातातलं सोड!"

भोंगा वाजला. तिकडे जावयाच्या हातातली गुंडाळी संपली होती. शेवटचं टोक बोटांना वेढून तो कठड्याबाहेर झुकला होता. मिसुझु त्याची कंबर धरून हसत होती. दुसऱ्या हातानं ती मला टाटा करत होती.

माझ्या मागे कागद सरसरला. कुणीतरी सावकाश, नीट, फीत गुंडाळायला घेतली होती.