कातरीच्या पलीकडून

भिमाजीच्या कानात तो आवाज अजून आहे. पत्र्याची शेड, बाहेर सुप्याच्या माळावरची उडती माती, आणि मशीनच्या पलीकडून येणारा भरदार आवाज... "वढ!"

मालक आप्पासाहेबांनी शेड टाकली तेव्हा तिथं पत्रा कापायची एकच मोठी मशीन होती. कामगार तिला कातर म्हणायचे. पुढं भिमाजी, दांडा ओढायला. मागं शेवगावचा अल्लाबक्ष, कापलेला पत्रा काढून घ्यायला. मधे लोखंडाची भिंत, एकाला दुसरा दिसायचा नाही. म्हणून दोघांनी एक रीत पाडली. भिमाजीनं नाव घेऊन हाक मारायची आणि मागून "वढ" आलं तरच दांडा ओढायचा.

"अल्लाबक्ष! झोपलास काय रं?"

"तुझ्या सासऱ्यानं गादी टाकलीय काय हितं? वढ!"

सगळी शेड हसायची. पण हाकेवाचून पातं कधी खाली आलं नाही.

मग कंपनी वाढली. उसासारखी धिमी नाही, गाजरगवतासारखी, एका पावसात रान भरून जावं तशी. काचेची इमारत उठली. आप्पासाहेब थकले, घरी बसले. कारभाराला शिकलेली माणसं आली. ती वाईट नव्हती, हसून बोलायची. कामगारांचं सगळं पंकजा मॅडम बघायच्या. "आपण सगळे एक फॅमिली आहोत," असं त्या दर मीटिंगला सांगायच्या. नवी कातर आली. दांडा जाऊन बटण आलं. मागचा माणूस पात्यापासून लांब असला की पुढं हिरवा दिवा लागायचा. परदेशी पाहुणे यायला लागले तशी शेडमध्ये ओरडायला बंदी झाली.

"आता हाय का न्हाई ते दिवाच सांगनार," अल्लाबक्ष म्हणाला. "बरंय. दिव्याला सासरा नसतो."

त्या उन्हाळ्यात तो तापानं गेला.

पूर्वी कुणाच्या घरी मयत झाली की कातर बंद व्हायची. आप्पासाहेब टेम्पो काढायचे आणि सगळी शेड मातीला जायची. यावेळी पंकजा मॅडमचे डोळे भरून आले, पण त्या म्हणाल्या, "लाईन थांबवता येणार नाही, भिमाजी. आपण थोडा वेळ शांत उभे राहू." सगळे शांत उभे राहिले. सुट्टी झाल्यावर भिमाजी शेवगावला पोचला तेव्हा कबरीवर पाणीही शिंपडून झालं होतं. मूठभर माती घेऊन तो उभा राहिला. मग ती मूठ तशीच खिशात घालून परत आला.

मागच्या जागेवर अल्लाबक्षचा मुलगा फराज आला. पोरगं शांत, कामाला चिवट. त्याचं बोट जरी दुखावलं तरी आपण अल्लाबक्षला काय सांगणार, हा एकच घोर भिमाजीला लागला. दिव्यावर त्याचा भरवसा नव्हता. तो ओठातल्या ओठात फराजचं नाव घ्यायचा, थोडा थांबायचा आणि मग बटण दाबायचा. उत्तर येणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

अल्लाबक्षचा चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, भिमाजीच्या तोंडून जुनंच नाव गेलं. "अल्लाबक्ष..."

मागून हळूच आलं, "वढ."

भिमाजीचा हात बटणावरच राहिला. तेलाच्या चिंधीचा वास आला, आणि त्यात कच्च्या कांद्याचा, भाकरी खाऊन उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. तो वळसा घालून मागं गेला. कानात बोळे घातलेला फराज एकटाच उभा होता.

त्या दिवसापासून उत्तर रोज यायला लागलं. भिमाजीला भीती वाटायची, पण सकाळ कधी होते असंही व्हायचं. घरी तो यातलं कुणाशी बोललाच नाही. बोललं तर तेही बंद होईल, असं त्याला वाटे.

मग तो दिवस आला. हिरवा दिवा लागला. भिमाजी पुटपुटला, "अल्लाबक्ष..." मागून काही नाही. पुन्हा म्हणाला. नाहीच. शेडमधले सगळे आवाज लांब गेल्यासारखे झाले. आणि कानाशी, अगदी कानाशी, गार श्वास लागला. "थांब..."

भिमाजीनं दोन्ही हात बटणावरून वर घेतले. काम अडलं तशी लाईन थांबली, भोंगा वाजला. मागं फराज कोपरापर्यंत पात्याखाली होता. अडकलेला तुकडा ओढत होता. दिवा हिरवाच होता.

पंकजा मॅडमनी भिमाजीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"दिवा हिरवा असताना तुम्ही थांबलात कसे?"

"आवाज आला."

"कुणाचा?"

खोटं त्याला जमत नव्हतं. "त्याच्या बापाचा."

मॅडमनी समोरची फाईल मिटली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "दिवा आजच दुरुस्त होईल. तुम्ही उद्यापासून पॅकिंगला बसा. आराम पडेल तुम्हाला."

सुट्टीच्या वेळी भिमाजीनं फराजला कातरीजवळ गाठलं. ऊन उतरलं होतं, पात्यावर तांबूस उजेड होता.

"पोरा, उद्यापासून मी हितं न्हाई. दिव्यावर भरवसा ठेवू नको. तुझा बाप हाय पाठीशी. आज त्यानंच मला थांब म्हनलं."

फराजनं कानातले बोळे काढले. "अब्बा?"

"व्हय. रोज असतो. तुला न्हाई ऐकू येत?"

"मला तुमची हाक येती, चाचा. रोज. बोळे असले तरी येती."

"माझी? आरं, मी तर ओठातल्या ओठात..."

"आजबी आली की." फराजनं आपल्या कोपराकडं पाहिलं. "तुमीच म्हनलात... पत्रा अडकलाय, घाल हात आत, मी बघतोय... म्हनून तर घातला."

"मी न्हाई रं..." भिमाजी म्हणाला. "तुझ्या बापाची आन, मी न्हाई..."

भिमाजीनं हात पुढं केला तसा फराज एक पाऊल मागं सरला. मग त्यानं डबा उचलला आणि गेटाकडं चालत निघाला.