चुकीचा मणी

आनंदा पटवेकऱ्याच्या हातून चूक झाली, असं उभ्या पनवेलात कुणी म्हटलं नसतं. वडाळे तळ्याच्या वाटेवर त्याचं दुकान. मंगळसूत्रं गाठवायची, मण्यांच्या माळा ओवायच्या. समोर गाडीची चाकं करणारे सुतार दिवसभर ठोकत असत. एवढ्या नीटनेटक्या माणसाला घरातलीच एक गोष्ट नीट करता आली नव्हती. त्याची नऊ वर्षांची वेणू बोलताना अडखळायची. "बा... बा... बाबा" म्हणताना तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि चारचौघांत आनंदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकसष्ट सालच्या माघात जासईची भामा मण्यांचं भरतकाम केलेली पिशवी घेऊन आली. तिचा नवरा बळीराम बोटीवर खलाशी. कॅनडातल्या एका समुद्राएवढ्या तळ्याकाठी एका म्हातारीकडून त्यानं ती घेतली होती. काळ्या मखमलीवर फुलांची वेल, आणि खाली तिची मुळंसुद्धा. एका कडेचे मणी सुटले होते.

"येवडीच कड शिवून द्या," भामा म्हणाली.

असली कारागिरी आनंदानं जन्मात पाहिली नव्हती. मग लाल फुलाच्या मधोमध त्याला एक निळा मणी दिसला आणि दाताखाली खडा आल्यासारखं झालं. तसला धुरकट निळा त्याच्या दुकानातही नव्हता. त्यानं तो काढून डबीत टाकला आणि जागी लाल बसवला.

दोरा तोडला, तोच आतून वेणूची हाक आली.

"बाबा, जेवायला चला."

सलग. एका दमात. त्याच्या बायकोनं, चंद्रावतीनं, देवापुढे साखर ठेवली आणि आनंदा तिच्यासमोर पोरासारखा रडला.

पुढचे तीन दिवस वेणू स्वच्छ बोलत होती. रुसत नव्हती, रडत नव्हती. ताटाबाहेर भाताचं शीत सांडत नव्हती. सकाळी उठली तरी तिची वेणी कालच्यासारखीच घट्ट असायची.

"पोरगी आपलीच ना हो?" चंद्रावतीनं विचारलं. आनंदा तिच्यावर खेकसला, पण त्यालाही वेणूला जवळ घ्यावंसं वाटेना.

चौथ्या दिवशी दुपारी बळीराम पिशवी न्यायला आला. फुलावरून त्याचं बोट फिरलं आणि थांबलं.

"निला मनी कुठं हाय?"

"चुकला होता. नीट केला."

"चुकला नवता, शेट. ती म्हातारी तिथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांतली. त्यांच्या आज्या-पणज्या सालिंदराचे काटे रंगवून अशीच फुलं भरायच्या. मनी मागून आले. ती बोलली, येक मनी मुद्दाम चुकवायचा. समदं नीट करनारा येकटा देव." त्यानं बोट त्या फुलावर टेकवलं. "आनि जीव आतबाहेर करतो तो त्याच वाटेनं. ती बुजवायची नाय. बुजवली का जीव आतच अडकतो."

आनंदानं घाईघाईनं डबी उघडली. डबी रिकामी होती.

समोरची ठोकाठोक थांबली होती. सुतार जेवायला गेले असावेत. त्या शांततेत पिशवीतून आवाज आला. बारीक, घुसमटलेला.

"बा... बा..."

बळीरामच्या हातून पिशवी पडली.

"बा... बा... बाबा..."

आनंदानं ती उचलून आत हात घातला. नुसतं अस्तर. पण उबदार.

आतल्या दारात वेणू उभी होती. तिच्या तळहातावर निळा मणी होता.

"दे बाळा," आनंदा कसाबसा म्हणाला. "दे तो मला."

तिनं मणी तोंडात टाकला. गिळला. ओठ पुसले.

"बाबा," ती जराही न अडखळता म्हणाली, "त्यांची पिशवी देऊन टाका. ते खोळंबलेत."