समोर नसलेला माणूस

आदिस्मरण केंद्राच्या आवारात कुणी कुणाला हाक मारत नसे. हाकेची गरजच तिथं संपलेली होती. लिंबाखालच्या बाकांवर माणसं बसलेली असत, डोळे उघडे, ओठ मिटलेले. पाळी आली की नातेवाईक खांद्याला हात लावून उठवत आणि हाताला धरून आत नेत. दारावर अक्षर नव्हतं, थेंबाचं चित्र होतं. नळावर ओंजळीचं, मोरीवर बादलीचं. तालुक्याच्या बाजारातसुद्धा निम्म्या दुकानांवर आता अशीच चित्रं आली होती, कारण वाचणारी गिऱ्हाइकं कमी होत चालली होती आणि नुसती पाहणारी वाढत होती. लोक त्यांना 'चित्रातली माणसं' म्हणत. म्हणणाऱ्याच्या घरातही एखादं असेच.

हैबती पाथरवट दर मंगळवारी बायकोला, गिरजाला, घेऊन इथं येई. खरं तर पहिल्या दिवसांत गिरजाच त्याला घेऊन येत होती. त्याच्या नाकात नळी होती आणि पाठीवर प्राणवायूचा सिलिंडर. चाळीस वर्षं त्यानं जाती घडवली, पाटे-वरवंटे घडवले, देवळांच्या पायऱ्या घडवल्या. दगडानं त्याला जन्मभर पोसलं आणि पोसता पोसता त्याच्याच छातीत घर केलं. छातीचा फोटो पाहून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळी पाहतील, होळीचं काही सांगता येत नाही.

पोटी मूलबाळ नव्हतं. भावकी पांगलेली. हैबती गेला की त्याची आठवण म्हणून जगात एक गिरजाच उरणार होती, आणि ती अठ्ठावन्न वर्षांची.

आदिस्मरणाचे थेंब घ्यायचं खूळ तिचंच. केंद्राच्या डॉक्टर नीलाक्षी टिपणीस यांच्यासमोर पहिल्या दिवशी ती ताठ बसली आणि म्हणाली, "माझी आई जाऊन तीस वरसं झाली, बाई. तिचं तोंड आठवत न्हाई मला. 'आई' म्हणलं की नुसतं आईच म्हणल्यासारखं वाटतं, फुडं काय दिसत न्हाई. शब्द राह्यला आन् आई गेली. ह्यांचं तसं होऊ द्यायचं न्हाई मला."

हैबती तोंडानं नको नको म्हणाला. मनातून त्याला गूळ खाल्ल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरांच्या मेजावर एक दगड होता, तळहाताएवढा, पानाच्या आकाराचा. प्रवरेच्या पात्रात सापडलेली लाखो वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड. हैबतीनं विचारल्याशिवाय ती उचलली, उलटीपालटी केली, धारेवरून अंगठा फिरवला.

"डावखुरा हुता गडी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. त्यानं उडवलेल्या कपच्यांच्या खुणा कुठून कुठं उतरल्यात ते दाखवलं. मग ती घडवणारा माणूस बोलत असेल का, असं डॉक्टरांनी त्याला विचारलं, आणि हा प्रश्न आम्हालाही सुटलेला नाही, असंही सांगून टाकलं.

"काम करताना तरी बोलत नसंल. बोलत बोलत घाव घातला की बोटावरच बसतोय."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी सोप्या भाषेत सगळं समजावलं. चिंपांझीला पडद्यावर नऊ आकडे डोळ्याची पापणी लवेपर्यंत दाखवा आणि पुसून टाका. कुठला कुठं होता ते तो बोटानं बिनचूक दाखवतो. शिकलेल्या माणसाला ते जमत नाही. आपल्या आदिम पूर्वजांनाही ती नजर असावी. एकदा पाहिलं की झाडावरचं फळन् फळ डोक्यात उतरायचं, जसंच्या तसं. पुढं माणसात भाषा आली. भाषेला जागा लागते, आणि कवटी काही रबराची नाही. मग मेंदूनं घरातलं जुनं सामान काढून तिथं नवं बिऱ्हाड बसवलं. चित्र गेलं, शब्द आला. नाकात घालायचे थेंब त्या जुन्या, निजलेल्या जनुकांना जागं करतात. विसराळूपणाच्या रोगावर म्हणून ते तयार झाले होते. जुनं सामान परत येतं, पण ते आलं की नवं बिऱ्हाड हलायला लागतं.

"म्हंजी हिचं बोलणं जाणार?"

"सगळं नाही. आम्ही जाऊ देत नाही. दर आठवड्याला बोलचाचणी असते. शब्द ठरलेल्या मर्यादेखाली गेले की थेंब बंद. सहा महिन्यांत तुमचं जेवढं रूप त्यांच्या डोळ्यांत साठेल तेवढं त्यांचं."

"शब्द तरी कशापायी आला म्हणायचा माणसात? चांगलं दिसत हुतं की सगळं," गिरजानं विचारलं.

"समोर नसलेल्यासाठी," डॉक्टर म्हणाल्या. "वाघ समोर असेल तर किंचाळी पुरते. पण काल ओढ्यापलीकडं वाघ होता, आज नाही, हे सांगायला शब्द लागतो. 'होता' आणि 'नाही' यांची चित्रं काढता येत नाहीत."

गिरजानं मान डोलावली. तिला आपला निम्मा अर्थ कळला असावा. हैबतीला तेवढाही कळला नव्हता.

पहिले दोन महिने सणासारखे गेले. गिरजा त्याच्याकडे बघत बसे, बघणं हेच जणू तिचं काम. मग डोळे मिटून सांगे, काल तुम्ही चहा पिताना बशीच्या कडेला तीन थेंब सांडले, मधला मोठा होता. परवा तुमच्या भुवईत दगडाची कणी अडकली होती, उजव्या बाजूला. हैबती आरशात बघून खात्री करी आणि थक्क होई. जात्यावर बसली की ती गात असे, तिच्याच मनची ओवी,

दगड बोलंना बाई, टाकी त्याला बोलवीते
धन्याच्या घामानं माझं जातं गाणं गाते

आणि खाटेवर धापा टाकत पडलेला हैबती म्हणे, "धन्याच्या घामाचं जाऊ दे, पीठ जाडं पडतंय." ती म्हणे, जाडं पडलं तर जाड्या भाकरी खा.

बोलचाचणीत एकवीस प्रश्न होते. वीस प्रश्न वस्तूंचे. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं. वस्तूंचे शब्द सगळ्यांत शेवटी जातात. सगळ्यांत आधी जातात माणसांची नावं, म्हणून पहिला प्रश्नच खरा पहारेकरी होता. घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाचं नाव सांगा. शहरात बसून डॉक्टर टिपणीसांनी तो स्वतः लिहिला होता आणि त्यात त्यांना काही वावगं दिसलं नव्हतं.

उखाणा सोडला तर गिरजा नवऱ्याचं नाव घेत नसे. जग कुठल्या कुठं गेलं होतं, शेजारच्या सुना नवऱ्याला नावानं हाका मारून बाजाराला पिटाळत होत्या, पण गिरजानं आईची रीत सोडली नव्हती. 'आवं', 'हे', 'आमचं माणूस', एवढ्यावर तिनं एकोणचाळीस वर्षांचा संसार केला. चाचणी घेणारी परिचारिका, रंभाबाई, त्याच मुलखातली. पहिल्या मंगळवारी प्रश्न आला तशी गिरजा लाजून जमिनीकडे बघत राहिली. रंभाबाई हसून म्हणाली, "असू द्या मावशी, आमची आईबी घेत न्हाई," आणि तिनं पूर्ण गुण दिले. हैबती बाजूलाच बसला होता. त्यालाही त्यात मोठेपणाच वाटला. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. पहारेकऱ्याला त्यांनी मानानं घरी पाठवलं होतं.

श्रावणात शेजारी बारसं होतं. बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या, पाळणा झाला, आणि रिवाजाप्रमाणे एकेकीला नाव घ्यायला धरलं. गिरजाचा उखाणा गावात गाजलेला. ती उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली,

"टाकीच्या टोल्यानं दगडाला सुटतो सूर..."

आणि थांबली. बायका हसल्या. एक म्हणाली, म्हातारपणी लाज फुटली गं हिला. दुसरी म्हणाली, नाव महाग झालं असंल. गिरजाही हसली. पण हैबती दारातल्या खुर्चीवर होता आणि त्याला तिचे डोळे दिसत होते. लाजणाऱ्या बाईचे डोळे खाली जातात. हे डोळे त्याच्यावर खिळले होते, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा चाचपत होते, विहिरीत पडलेली कळशी गळानं शोधावी तसे. तिला तो दिसत होता. त्याला काय म्हणतात ते सापडत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं तिला गावाचं नाव विचारलं. तिला आलं नाही. आईचं विचारलं. नाही. स्वतःचं विचारलं, तेव्हा ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी."

दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसताना, तो तिला घेऊन केंद्रात गेला. डॉक्टरांनी मागच्या सगळ्या चाचण्या उघडून पाहिल्या, रंभाबाईला बोलावून घेतलं, आणि खुर्चीत मागं टेकल्या. चूक कुणाच्या पदरात घालायची हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती स्वतःच्याच पदरात घेतली. मग सांगितलं ते असं. थेंब आज बंद केले तर राहिलेले शब्द राहतील, गेलेल्यांतले काही हळूहळू परतही येतील. पण सहा महिने पुरे न झाल्यानं साठलेली चित्रं विरघळून जातील, चारचौघांच्या आठवणींसारखी. आणि थेंब चालू ठेवले तर दोन महिन्यांत चित्रं कायमची पक्की होतील, मरेपर्यंत पुसणार नाहीत. भाषा मात्र मुळासकट जाईल आणि परत येणार नाही. खरं तर मर्यादा ओलांडलेली असल्यानं थेंब बंदच करायला हवेत. पण कायद्यात एक वाट आहे. जवळच्या माणसानं सही दिली तर चालू ठेवता येतात.

"माझं मत विचाराल तर बंद करा, बाबा," त्या म्हणाल्या.

तेव्हा हैबतीला एका दमात चार पावलं टाकवत नव्हती. दिवाळी अडीच महिन्यांवर होती. चित्रं विरघळली तर तो कुठं उरणार होता? पायऱ्यांवर पाथरवटाचं नाव कोरत नाहीत. जात्याला खालचा दगड आणि वरचा दगड असतो, घडवणारा नसतो. उरायचं तर या बाईच्या डोळ्यांत, भुवईतल्या कणीसकट, नाहीतर कुठंच नाही.

त्यानं गिरजाकडे वळून विचारलं. "गिरजे, चालू ठिवायचं का?"

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. ओठ हलायचे थांबले तशी तिनं मान हलवली.

"बघा, हो म्हणती," हैबती म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला, आणि त्यानं सही केली.

गिरजाचे शब्द मग पिकल्या झाडाची पानं गळावीत तसे गळाले. ओवी आधी गेली, सूर मागं राहिला. पुढं सूरही जात्याच्या घरघरीत विरला. तिला तहान लागली की ती तांब्यापाशी जाई, भूक लागली की चुलीपाशी. वस्तू समोर असली की तिला सगळं येत होतं. शेवटचा शब्द 'आवं' होता. तोही एका दुपारी संपला आणि हैबतीला संध्याकाळपर्यंत पत्ताच लागला नाही.

दिवाळी आली. हैबती जगला. होळी आली, तरी जगला. मोठ्या दवाखान्यात पुन्हा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोग जागच्या जागी थांबलाय, कधीकधी असं होतं, अजून दहा वर्षंही काढाल. बाकी लोकांनी पेढे वाटले असते. हैबती दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि हातानं पायरीचा दगड चाचपत राहिला. घडाई कच्ची होती.

दहा वर्षं, आणि बोलायला कुणी नाही, हे दुःख त्यानं गृहीत धरलं होतं. मुक्या जनावरांशीही माणसं संसार करतात, असं तो स्वतःला सांगे. पण दुसरंच काही होत होतं, आणि ते त्याच्या ध्यानात उशिरा आलं.

गिरजा आता अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसे. तिथं पूर्वी हैबती दगड घडवायला बसायचा. तिच्या औषधाच्या पहिल्या आठवड्यांत, अजून हातात थोडा जोर होता तेव्हा, तिच्या हट्टानं तिथंच त्यानं शेवटचं एक जातं घडवलं होतं. आता त्या जागी माती होती आणि माजलेलं गवत. गिरजा त्या मातीसमोर बसे आणि टोले पडावेत तशी तिची मान हले. मध्येच ती डोळे मिटून तोंड बाजूला घेई. तिथं नसलेल्या टाकीखालून नसलेली कपची उडालेली असे. मग ती हसे. इतकं गोड हसू त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं.

तो डॉक्टरांना भेटला. डॉक्टर म्हणाल्या, हे फक्त त्यांचं नाही, आता सगळीकडूनच कळतंय. चित्राच्या मागं 'काल' असं लिहिलेलं नसतं, ते शब्दानं लिहावं लागतं. तो शब्दच गेला तर चित्र जुनं होत नाही. "तुम्ही त्यांना हजारो वेळा दिसता, बाबा. त्यांतले आजचे तुम्ही कोणते, हे त्यांना कळायला काही मार्ग नाही. त्यांना त्रास मात्र काही नाही. तुम्ही नाही आहात असं त्यांना आता कधीच वाटणार नाही."

"आन् मी हाय, असं?"

डॉक्टरांनी मेजावरची हातकुऱ्हाड उचलली आणि परत ठेवली.

त्या दुपारी हैबती घरी आला तेव्हा ती कोपऱ्यातच होती. नाकातली नळी सांभाळत तो हळूहळू तिथवर गेला आणि नेमका त्याच मातीवर, तिच्या समोर बसला. गुडघे जुळवले, पूर्वी बसायचा तसे. हातात काही नव्हतं, तरी हात उचलला आणि घाव घातल्यासारखा खाली आणला. चार घावांत दम लागला. "गिरजे," तो म्हणाला, "बघ की माझ्याकडं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कपाळाला बारीकशी आठी पडली. मग तिनं हात पुढं केला, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला हलकेच एका बाजूला सारलं, दिव्यापुढं कुणी अनोळखी माणूस येऊन उभं राहिलं की सारतात तसं, राग न करता. समोरची जागा मोकळी झाली. तिची मान पुन्हा डोलू लागली, आणि थोड्या वेळानं कपची उडाली असावी, कारण ती तोंड बाजूला घेऊन हसली.